बसायचं कारण

शेतात बाईला बसायचं असेल तर कारण लागतं. गड्याला लागत नाही. गडी बिडी पेटवतो, फोन कानाला लावतो, मोटार बघून येतो म्हणून विहिरीवर जातो आणि तिथंच सावलीला आडवा होतो. त्याला कुणी काही विचारत नाही. बाईनं खुरपं खाली ठेवलं की बांधावरून लगेच हाक येते, काय गं, काय झालं? म्हणजे काहीतरी झाल्याशिवाय बाईनं बसूच नये. चक्कर तरी यावी, नाहीतर पायात काटा तरी मोडावा.

आमच्या जवळा बाजारच्या बाजूला हळद पुष्कळ. हळदीचं निंदण म्हणजे दिवसभर उकिडवं बसून पुढं सरकत राहायचं. संध्याकाळी उठताना गुडघे आपले राहत नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटतं, बाया बसूनच तर आहेत. ज्याला असं वाटतं त्यानं एक दिवस पात, म्हणजे निंदणाची आपली ओळ, धरून दाखवावी, मी त्याला चहा पाजीन. दुपारी भाकरी खायला मिळते, पण शेवटचा घास गिळायच्या आत हाक आलेली असते. खरं बूड टेकणं दिवसातून एकदाच, तिसऱ्या प्रहरी, मिश्री लावताना.

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची, ती मिश्री. तोंड चुरचुरतं, डोकं हलकं होतं, भूक मरते. पण आमच्या टोळीत तिचा खरा गुण वेगळाच होता. मिश्री लावणाऱ्या बाईकडे पुरुषानं बघायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. बोट तोंडात घालायचं, मधूनमधून थुंकायचं, हे सासऱ्या-दिरांसमोर करायचं नाही, शेतमालकासमोर तर नाहीच. म्हणून बाया बाभळीखाली पाठ करून बसतात आणि मालक आपण होऊन दुसरीकडे निघून जातो. ना त्याला बघता येत, ना हाक मारता येत. तेवढा वेळ शेतात आमचं राज्य असतं. कुणाची सासू काय बोलली, कुणाच्या अंगावरून किती जातंय, कुणाचा नवरा पिऊन पडला, सगळं तिथंच निघतं.

आमच्या टोळीची पुढारीण पंचफुलाबाई. वयानं सगळ्यांत मोठी, हात सगळ्यांत चपळ आणि तोंड त्याहून चपळ. ती "चला गं, दात घासा" म्हणाली की आम्ही उठायचो. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मिश्री लावत नव्हते. बी.ए.चं पहिलं वर्ष केलेली पोरगी, तंबाखूच्या वासानं नाक मुरडायची. पहिल्या दिवशी सगळ्या बाया बाभळीखाली गेल्या आणि मी एकटी पातीवर राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग मी गुमान जाऊन पंचफुलाबाईच्या डबीत बोट घातलं. माझ्यामागून आलेल्या प्रत्येक सुनेनं हेच केलं. अलीकडेच भिवाजीची सून ऐश्वर्या टोळीत आली, बारावी पास, हातावरची मेंदी अजून गेलेली नव्हती. तिनंही आठवड्याच्या आत बोट घातलं. आता हे व्यसन कुणी लावलं, ते तुम्हीच ठरवा.

यंदा निंदण सुरू झालं तेव्हा एका दंत महाविद्यालयातून डॉक्टर प्रियदर्शनी गावात आली. मूळची कळमनुरीची, माझ्याहून लहान. खेड्यातल्या बायांची दात-तोंडं कशी आहेत आणि ती तशी कशानं होतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिनं आमच्या वस्तीत, बुद्धविहारात खुर्ची मांडली. मला वाटलं, वरच्या आळीतल्या बाया इकडे फिरकणार नाहीत. पण पंचफुलाबाई गालाला फडकं बांधून सगळ्यांच्या आधी हजर. "दाढ ठणकून राहिली, आता इहार बघू का देऊळ बघू?" म्हणाली आणि तोंड उघडून बसली.

माझी पाळी आली तेव्हा डॉक्टरनं आधी तोंड नाही बघितलं, आधी विचारलं, मिश्री का लावता?

"बसायला मिळतं म्हणून," मी म्हणाले.

तिला कळलं नाही. मी सगळं सांगितलं, बाभळीचं, पाठ फिरवून बसण्याचं, मालकानं निघून जाण्याचं. ती ऐकत राहिली.

"माझ्या प्रश्नावलीत उत्तरं आधीच दिलेली आहेत," ती म्हणाली. "दातदुखी, सवय, पोट साफ होतं, भूक लागत नाही. त्यात हे उत्तर नाहीये."

"मग घाला."

"घालते," ती म्हणाली आणि बॅटरी पेटवली.

खालचा ओठ तिनं बोटानं ओढून धरला. जिथं मी रोज मिश्री चोळते तिथंच ती थांबली. आरसा पुढं करून तिनं मला दाखवलं. ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीजवळ, पांढरा चट्टा होता, दूध उकळल्यावर साय धरते तसा. मला तो कधी दुखला नव्हता, म्हणून तो असल्याचं मला माहीतच नव्हतं. तिनं गोड बोलून वेळ घालवला नाही. हिंगोलीला जाऊन चट्ट्याचा तुकडा काढून तपासून घ्या म्हणाली. मी आणि नवरा गेलो.  निकाल आल्यावर डॉक्टरनं फोनवर सांगितलं, "अजून कॅन्सर नाही. मिश्री पूर्ण सोडली तर चट्टा जाऊ शकतो. चालू ठेवली तर पुढच्या वेळी मी काय सांगेन, ते आत्ता सांगावंसं वाटत नाही."

त्या 'अजून'नं माझी झोप उडवली. माझा पोरगा सातवीत आहे. मी डबी चुलीत टाकली.

मिश्री सोडणं म्हणजे काय, हे सोडल्याशिवाय कळत नाही. डोकं ठणकतं, हात थरथरतात, आणि माझा स्वभाव मुळातच तिखट, त्यात ही भर. घरात भांडी आपटायला लागले. नवऱ्यानं भाजी चांगली झालीय म्हटलं तरी भांडण. पण ते सगळं सोसलं असतं. शेतात वेगळंच निघालं.

तिसऱ्या प्रहरी मी बायांबरोबर बाभळीखाली गेले आणि नुसतीच बसले. दोनतीन दिवसांत व्यंकटरावांच्या कानावर गेलं. व्यंकटराव म्हणजे ज्यांच्या शेतात आमची टोळी जाते ते. बाया त्यांना मालक म्हणतात, मी काका म्हणते. माणूस वाईट नाही. मजुरी वेळेवर देतात, शिवीगाळ करत नाहीत, उन्हाळ्यात माठ भरून ठेवतात. ते मला म्हणाले, "साधना, तू मिसरी सोडली म्हनं. लई चांगलं केलं, पोरी."

"व्हय काका."

"मंग आता तुला तिकडं काय काम हाय? पात पुढं घे."

ते रागानं बोलले नव्हते. त्यांचा हिशेब सरळ होता. बाई बसते ती मिश्रीसाठी, मिश्री सुटली, तर बसणंही सुटलं. आणि मी, जी साऱ्या वस्तीत तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, ती काही न बोलता पातीवर गेले. मागून बायांचं हसणं ऐकू येत होतं. त्यांच्या हसण्याचासुद्धा मला राग आला.

पंचफुलाबाईनं तोड काढली. "डबीत राखुंडी भर," ती म्हणाली. "शेणीची राख काळी दिसती. बोट फिरवायचं अन् बसायचं. कोन हुंगाया येतंय?" मी तेही केलं. राखेची डबी घेऊन बाभळीखाली गेले आणि सगळ्यांसारखं बोट फिरवलं. पण आजूबाजूला खऱ्या मिश्रीचा वास, त्यात बोटाला लागलेली जुनी सवय. एका दुपारी गप्पांच्या नादात माझं बोट ऐश्वर्याच्या डबीत गेलं, आणि तोंड चुरचुरायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी चूळ भरली, पुन्हा भरली, तरी चव जाईना. त्या दिवशी मला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त राग आला तो या सगळ्या सोंगाचा. थोडा वेळ जमिनीवर बसण्यासाठी मी तोंडात राख घालत होते. माझे पाय दुखतात, एवढं पुरेसं का नाही?

त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत डॉक्टरचं भाषण झालं. तिनं गावाला समजावून सांगितलं की शेतात राबणाऱ्या बायांमध्ये मिश्री सगळ्यांत जास्त आहे, त्यांच्या हिरड्या दातांपासून सुटल्यात, काहींच्या तोंडात चट्टे आहेत. व्यंकटराव पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते. मला बरं वाटलं. मी इतकी बावळट की मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाती धरायच्या आधीच ते बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, "बायांनो, आजपासून आपल्या शेतात तंबाखू बंद. डॉक्टरीणबाई काय म्हनल्या तुमी ऐकलं. मी तुमच्या जीवासाठी सांगून राहिलो. दुपारची मिसरीची सुटी बंद."

 सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

"झालं समाधान?" पंचफुलाबाई पातीवर माझ्या शेजारी बसत म्हणाली. "चट्टा तुझ्या तोंडात अन् बैठक आमची गेली."

"म्या सांगितलं का त्यांला बंद करा म्हनून?"

"तू सोडली काहून? सोडली तर सोडली, गावभर दवंडी काहून पिटली? आमी आपल्या गुमान लावत व्हतो, गुमान बसत व्हतो."

तिचं बोलणं खोटं नव्हतं. भाकरीच्या वेळी मी बांधापलीकडे जाऊन डॉक्टरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या संशोधनानं आमची बैठक खाल्ली म्हणाले.

"मी तंबाखू सोडा म्हणाले," ती म्हणाली. "विश्रांती बंद करा असं कुठं म्हणाले?"

"तुम्ही म्हणाला नाहीत. त्यांनी मात्र तेच ऐकलं."

 ती म्हणाली, "मी येऊन बोलू का त्यांच्याशी?"

"नको. तुम्ही बोललात तर ते तुमचं ऐकतील. आम्ही होतो तिथंच राहू."

"मग मी काय करू?"

"काही करू नका. मला कुणाशी तरी भांडायचं होतं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. खरं तर ती बिचारी चांगली आहे.

तिसरा प्रहर झाला. रोजच्या वेळेला बायांचे हात आपोआप मंदावले. व्यंकटराव बांधावरच होते, आज ते विहिरीकडे गेले नाहीत. तेवढ्यात पंचफुलाबाईनं खुरपं जमिनीत रोवलं, कमरेची डबी काढली आणि तिथंच, भर पातीवर, मालकाकडे तोंड करून मिश्री लावायला सुरुवात केली. आजवर कुणा बाईनं असं केलं नव्हतं. एकेक करून सगळ्यांच्या डब्या निघाल्या. ऐश्वर्यानं तर दोन बोटं भरून घेतली. व्यंकटरावांची मान आपोआप दुसरीकडे वळली. रिवाज त्यांना मोडता येईना. ते बांधावर पाठ करून उभे राहिले आणि तसेच ओरडले, "हे बराबर नाही, पंचफुलाबाई." पंचफुलाबाई थुंकली.

मला हसू आलं, आणि खरं सांगते, छाती भरून आली. मग तिनं डबी माझ्यापुढं धरली.

"घे," ती म्हणाली. "आज न्हाई म्हनू नको. आज भांडन हाय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. डबी माझ्या नाकाखाली होती आणि तोंडाला पाणी सुटलं होतं. एक बोट घातलं असतं तर मी पुन्हा त्यांच्यातली झाले असते, सकाळचं सगळं मिटलं असतं. नाही घातलं तर भांडणाच्या दिवशी अंग काढून घेतलं असं झालं असतं. पण ओठामागं तो चट्टा होता. मी जीभ त्याच्यावरून फिरवली. मालकाशी भांडायचं आणि त्यासाठी आपलंच तोंड जाळायचं, हा कुठला न्याय? नुकसान आमचं, आणि ते नुसते मान वळवून उभे.

"मावशी, म्या लावनार न्हाई," मी म्हणाले. "अन् म्या उठनार बी न्हाई."

मी खुरपं बाजूला ठेवलं आणि दोन वाफ्यांच्या मधल्या सरीत, ओल्या मातीत, बूड टेकून पाय लांब केले. हात मोकळे, तोंड मोकळं. ऐश्वर्या कुजबुजली, "वयनी, तुमच्याकडं बघता येतंय त्यांला."

"बघू दे."

व्यंकटरावांनी आवाज ऐकून मान थोडी वळवली. इतर बायांच्या तोंडात बोटं, तिकडे त्यांना बघता येईना. माझ्याकडे मात्र बघता येत होतं, आणि ते माझ्याच रोखानं खाली उतरले.

"साधना, तू तर लावत न्हाईस."

"न्हाई."

"मंग ऊठ."

"न्हाई."

"काय झालंय? चक्कर आली?"

"न्हाई काका. धडधाकट हाय."

"मंग बसलीस काहून?"

"बसायचं हाय म्हनून."

त्यांना हे उत्तर कळलंच नाही. ते माझ्या पायांकडे, हातांकडे बघू लागले, जणू कारण तिथं कुठंतरी सापडेल. "दिवसभर बसूनच तर काम करता तुमी," ते शेवटी म्हणाले.

"काका, तुमी जरा इथं उकिडवं बसा. म्या तुमचे पाय दुखंस्तोवर बोलते तुमच्यासंगं. मंग सांगा, ह्याला बसनं म्हनत्यात का."

"जीभ लई चालून राहिली तुझी. उद्यापासून येऊ नको."

"उद्याचं उद्या. आज बसले."

 निंदणाचे दिवस होते, बाया मिळत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. पण एक बाई कमी झाल्यानं कुणाची हळद बुडत नाही, हेही माहीत होतं. मी एकटी होते, आणि एकटीला घालवणं सोपं असतं.

मागून पाण्याचा आवाज आला. पंचफुलाबाईनं तांब्या उचलून चूळ भरली होती. एकदा भरली, पुन्हा भरली, पदरानं तोंड पुसलं. चाळीसेक वर्षं त्या तोंडात मिश्री होती. ती गुडघ्यांवर हात टेकत उठली, माझ्या शेजारी येऊन सरीत बसली आणि व्यंकटरावांकडे तोंड केलं.

"आता बघा मालक," ती म्हणाली. "माझ्या बी तोंडात काय न्हाई."

व्यंकटराव बघतच राहिले. तिच्या पुढच्या दातांच्या जागी नुसत्या हिरड्या उरल्या होत्या. ते तोंड त्यांनी इतक्या वर्षांत कधी बघितलं नसेल, कारण त्यांनी बघायचंच नसतं. पंचफुलाबाईनं ते मिटलं नाही. तांब्या ऐश्वर्याकडे गेला. तिनं चूळ भरली आणि ती आमच्याजवळ येऊन बसली. मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. ज्यांना मिश्रीवाचून राहवेना अशा दोघी बंद डब्या हातात घट्ट धरून बसल्या, पण बसल्या आमच्याच बाजूला, तोंड मालकाकडे करून. थोड्या वेळानं सगळी टोळी सरीत पाय लांब करून बसली होती आणि हळदीच्या पानांत एकही हात हलत नव्हता.

व्यंकटराव बराच वेळ उभे होते. आम्हाला पाठवून द्यावं तर गवत हळदीच्या वर जाणार, आणि गावात दुसरी टोळी मोकळी नव्हती. रागवावं तर कुणावर, तंबाखू तर कुणीच लावत नव्हतं, त्यांनीच सांगितलं होतं तसं. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी उपकार केल्यासारखा हात हलवला.

"बरं. बसा थोडा येळ."

ऐश्वर्या हसून मान हलवणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला.

"बसा म्हनू नका काका," मी म्हणाले. "आमी बसलोय."